अस्त्रं नव्हती हे कळूनही मत का हललं नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००३च्या इराक युद्धासाठी अमेरिकी सरकारने दिलेली दोन मोठी कारणं म्हणजे इराककडची महासंहारक अस्त्रं आणि सद्दाम हुसेनचं अल-कायदाशी असलेलं साटंलोटं. दोन्ही पुढे टिकली नाहीत, तसे अधिकृत अहवालही आले. तरी बरेच रिपब्लिकन मतदार वर्षानुवर्षं ती खरीच मानत राहिले, आणि तुमचे एक ज्येष्ठ सहकारी आजही मानतात. मग ही माणसं अडाणी आहेत, खोटं बोलताहेत, की कुणी त्यांना फसवलंय? आणि अशा माणसाशी बोलायचं तरी कसं?

मी गेली वीसेक वर्षं जनमत चाचण्यांच्या प्रश्नावल्या तयार करते. लष्करातलं मला काही कळत नाही, त्यामुळे युद्ध योग्य होतं की नाही यात मी पडणार नाही. मी सांगणार आहे ते प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीतून. अडाणीपणा, खोटेपणा आणि फसवणूक या तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण तिन्ही जमेला धरूनही निम्मं कोडं शिल्लक राहतं. माझ्या मते खरा प्रश्न आहे तो हा: माणूस आधी कारण तपासतो आणि मग युद्धाला पाठिंबा देतो, असं आपण धरून चालतो. तो क्रम उलटा असला तर?

आधी एक गैरसमज बाजूला करू. रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या प्रशासनाने लोकांच्या डोक्यात ९/११च्या संदर्भात सद्दाम भरवला, असं सर्रास म्हटलं जातं. गोष्ट इतकी सरळ नाही. हल्ल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, १३ सप्टेंबर २००१ला झालेल्या एका चाचणीत ७८ टक्के लोकांनी यात सद्दामचा हात असण्याची शक्यता आहे असं म्हटलं होतं. तेव्हा इराकवर चढाई करण्याची मोहीम सुरूही झाली नव्हती. पण त्याच काळात ज्या चाचण्यांनी नावं न सुचवता ‘हे कुणी केलं असेल?’ असा मोकळा प्रश्न विचारला, त्यांत बिन लादेनचंच नाव येत होतं. सद्दामचं नाव आपणहून घेणारे अगदी थोडे होते. म्हणजे लोकांच्या मनात सद्दाम पहिल्या ओळीत नव्हता. कुणी नाव घेऊन विचारलं, की ‘असेलही, त्याचा काय भरवसा’ असं उत्तर यायचं. १९९१च्या आखाती युद्धापासून तो अमेरिकेचा ठरलेला खलनायक होता, तेव्हा हे नवल नव्हे.

ऑगस्ट २००३मधल्या वॉशिंग्टन पोस्टच्या चाचणीत हा आकडा ६९ टक्के होता. दोन वर्षांत तो वाढला नाही, उलट थोडा उतरला. मग प्रशासनाने केलं काय? इराक आणि ९/११ ही दोन नावं एका दमात घेत राहून त्यांनी तो आधीचा संशय विझू दिला नाही. १७ सप्टेंबर २००३ला खुद्द बुश यांनी सांगितलं, की ९/११मध्ये सद्दामचा सहभाग असल्याचा पुरावा आमच्याकडे नाही. तरी पुढचं वर्षभर त्यांच्याच समर्थकांत हा समज बऱ्यापैकी शाबूत होता. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

आता माझ्या खुर्चीतला अनुभव. २००४च्या शरद ऋतूत मी अमेरिकेत शिकत होते आणि संध्याकाळी एका विद्यापीठाच्या टेलिफोन सर्वेक्षण कक्षात काम करायचे. कानाला हेडसेट, समोरच्या पडद्यावर प्रश्न, आणि नियम कडक. प्रश्न शब्दन्‌शब्द वाचायचा. ‘माहीत नाही’ हा पर्याय वाचून दाखवायचा नाही. समोरच्याने आपणहून म्हटलं, तर एकदा विचारायचं, ‘तरी तुमचं मत कुठल्या पर्यायाच्या जवळ जातं?’ आणि मगच नोंदवायचं. वाद घालायचा नाही, हुंकारातसुद्धा सहमती दिसू द्यायची नाही.

एका निवृत्त बाईंना मी विचारलं, की युद्धाच्या सुमाराला इराककडे महासंहारक अस्त्रं होती का. त्या थांबल्या. मागे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला. मग म्हणाल्या, की मला त्यातलं काही कळत नाही. मी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की इतक्या पोरांना उगाच कोण पाठवेल, काहीतरी असणारच. मी ‘होती’वर क्लिक केलं. नियमाने तेच बरोबर होतं. शेजारच्या शेऱ्याच्या चौकटीत मी त्यांचं वाक्य टिपून ठेवलं, पण शेऱ्यांचे आकडे होत नाहीत. टक्केवारीत त्या बाई ‘अस्त्रं होती असं मानणाऱ्या’ झाल्या. खरं तर अस्त्रांविषयी त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी आपल्या अध्यक्षावरचा विश्वास सांगितला होता.

त्या बाई एकट्या नव्हत्या, हे मला पुढे समाजशास्त्रज्ञ मोनिका प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम वाचताना कळलं. त्यांनीही २००४च्याच निवडणुकीच्या तोंडावर, सद्दामचा ९/११शी संबंध मानणाऱ्या ४९ रिपब्लिकनांना गाठून सविस्तर मुलाखती घेतल्या. समोर बुश यांचंच इन्काराचं विधान ठेवलं आणि विचारलं, आता काय म्हणता? मत बदललं म्हणणारा एकच जण निघाला. बाकीच्यांनी नाना वाटा काढल्या. कुणी विषय बदलला, कुणी ‘पुरावा दडवला असेल’ म्हणालं, कुणी ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून मोकळं झालं, तर काहींनी आपण असं कधी म्हटलंच नव्हतं असा पवित्रा घेतला. पण त्यातली एक वाट या संशोधकांना नवी वाटली. ही माणसं पुराव्यावरून युद्धाकडे येत नव्हती. युद्ध चालू आहे, इतकी मोठी गोष्ट विनाकारण होत नसते, तेव्हा कारण असलंच पाहिजे, अशी ती उलट्या पावलांनी कारणाकडे जात होती.

याला नुसता अडाणीपणा म्हणून चालणार नाही. आपण रोज असाच तर्क करतो. रस्ता बंद दिसला की पुढे काहीतरी झालंय असं धरतो, चौकशी करत बसत नाही. युद्धाच्या बाबतीत फरक इतकाच, की रस्ता बंद करणाऱ्यावर विश्वास आहे का, हे तुमच्या पक्षावर ठरतं. ज्याचा बुशवर विश्वास होता त्याला युद्ध हाच पुरावा वाटला. ज्याचा नव्हता, त्याला तेच युद्ध म्हणजे लपवाछपवीचा पुरावा.

मेरीलँड विद्यापीठाशी संलग्न ‘पीपा’ या गटाने ऑक्टोबर २००४मध्ये बुश आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांच्या समर्थकांची पाहणी केली, तीही इराकमधल्या अस्त्रशोध मोहिमेचे प्रमुख चार्ल्स डुल्फर यांचा अहवाल आल्यानंतर. इराककडे साठे नव्हते, असं त्या अहवालाने सांगितलं होतं. तरी बुश समर्थकांपैकी ७२ टक्के लोक इराककडे अस्त्रं किंवा ती बनवण्याचा मोठा कार्यक्रम होता असं म्हणत होते. केरी समर्थकांत हे प्रमाण २६ टक्के होतं. इथवरचं बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला त्यातले पुढचे दोन आकडे जास्त बोलके वाटतात. पहिला असा, की ‘प्रशासन काय म्हणतंय?’ या प्रश्नावर दोन्ही गटांचं जवळजवळ एकमत होतं. अस्त्रं किंवा मोठा कार्यक्रम होता असं प्रशासन म्हणतंय, असं बुशकडचे ८२ टक्के आणि केरीकडचे ८४ टक्के लोक सांगत होते. म्हणजे ऐकलं दोघांनी सारखंच. एकाने ते मानलं, दुसऱ्याने झटकलं. दुसरा आकडा असा, की अस्त्रं बनत नव्हती आणि अल-कायदाला मदतही नव्हती असं गुप्तचरांना आधी कळलं असतं, तर युद्ध करायला नको होतं, असं बुश समर्थकांपैकीच ५८ टक्के म्हणाले. हे वाचून मी पहिल्यांदा थबकले होते. या माणसांना कारणांशी देणंघेणं नव्हतं असं नाही. कारण खोटं ठरलं तर आपला पाठिंबाही खोटा ठरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते कारण सोडणं इतकं जड जात होतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण आकडे वाचताना तुम्हाला ती उपयोगी पडेल. नंतर एका प्रकल्पात मी स्वतः प्रश्न लिहिला होता: ‘इराककडे महासंहारक अस्त्रं होती, असं तुम्हाला वाटतं का?’ वाचायला स्वच्छ वाटतो ना? पण कधी होती, हे त्यात नाही. १६ मार्च १९८८ला इराकने हलब्जा या कुर्द गावावर रासायनिक हल्ला केला, त्यात हजारो माणसं मेली. ते लक्षात ठेवून कुणी ‘होती’ म्हणालं, तर ते बरोबरच आहे. ‘सापडली का?’ असं विचारलं तरी सुटका नाही. जून २००६मध्ये दोन रिपब्लिकन लोकप्रतिनिधींनी जाहीर केलं, की २००३पासून जवळपास ५०० रासायनिक दारूगोळे सापडले आहेत. होतेही; पण जुने, १९९१च्या आधीचे, आत मस्टर्ड किंवा सरीन ही विषारी रसायनं खराब झालेली. युद्धाचं कारण म्हणून जे सांगितलं होतं ते हे नव्हे. पण पुढच्याच महिन्यात हॅरिस या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत युद्धाच्या वेळी इराककडे अस्त्रं होती असं म्हणणारे ५० टक्क्यांवर होते. फेब्रुवारी २००५मध्ये तेच ३६ टक्के होते. ही वाढ केवळ त्या घोषणेने झाली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण अर्धसत्याचा एवढासा तुकडा मिळाला, की ज्याला मानायचंच आहे त्याची सोय होते. तुमचे सहकारी कदाचित या ५०० गोळ्यांविषयीच बोलत असतील. विचारून पाहिलंय का?

मुळात पक्षनिष्ठा वस्तुस्थिती बदलते त्यापेक्षा तिचा अर्थ जास्त बदलते, असं माझं मत होत गेलं. इलिनॉयमध्ये ब्रायन गेन्स, जेम्स कुक्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी इराक युद्धाच्या पहिल्या वर्षात त्याच त्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. अस्त्रं मिळाली नाहीत, सैनिक मरताहेत, हे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना कळत गेलं. पण न मिळण्याचा अर्थ? पक्के रिपब्लिकन म्हणत, हलवली असतील, ऐनवेळी नष्ट केली असतील, शोध अजून पुरा झालेला नाही. डेमोक्रॅट म्हणत, नव्हतीच मुळी. बातमी तीच, निकाल वेगळा. आणि यातला ‘हलवली असतील’ हा युक्तिवाद मे २००३मध्ये अगदीच वेडगळ नव्हता, हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. तो २०१५मध्ये मात्र वेडगळ होता, आणि त्या वर्षीही फेअरली डिकिन्सन विद्यापीठाच्या चाचणीत ५१ टक्के रिपब्लिकन आणि ३२ टक्के डेमोक्रॅट अमेरिकेला इराकमध्ये चालू अस्त्रकार्यक्रम सापडला असं म्हणत होते. त्या ३२ टक्क्यांकडे कुणी फारसं बघत नाही. त्यांना पक्षनिष्ठेने समजावता येत नाही; तिथे विस्मरण आणि अंदाजपंचे हीच कारणं असावीत.

टीव्हीचं काय? २००३मधल्या पीपाच्याच अभ्यासात तीन चुकीच्या समजुती तपासल्या होत्या: अस्त्रं सापडली, अल-कायदाशी संबंधाचा पुरावा सापडला, जगाचा युद्धाला पाठिंबा होता. मुख्यतः फॉक्स न्यूज ही रिपब्लिकनांकडे झुकलेली वाहिनी बघणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांची यातली किमान एक समजूत होती. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीवाल्यांत २३ टक्क्यांची. पण फॉक्समुळे समज झाला, की तसा समज असणारे फॉक्सकडे गेले, हे एका वेळच्या पाहणीतून वेगळं काढता येत नाही. दोन्ही होत असावं. यावर मी जास्त वेळ घालवत नाही, कारण वाहिनीला शिव्या देऊन तुमच्या सहकाऱ्यांशी बोलणं सोपं होणार नाही.

डेमोक्रॅट वेगळे आहेत का? २००६मध्ये स्क्रिप्स हॉवर्ड आणि ओहायो विद्यापीठाच्या चाचणीत ३६ टक्के अमेरिकनांनी, मध्यपूर्वेत युद्ध हवं म्हणून सरकारी माणसांनी ९/११ला हातभार लावला किंवा जाणूनबुजून काणाडोळा केला असण्याची शक्यता मान्य केली. यात डेमोक्रॅट बरेच जास्त होते. तर्काची घडण तीच: नावडता अध्यक्ष युद्ध करतोय, म्हणजे आतून काहीतरी काळंबेरं असणारच. मात्र दोन्ही बाजू नेहमी सारख्याच झुकतात असंही नाही. सीरियावर हल्ला करण्याला २०१३मध्ये ओबामांच्या वेळी २२ टक्के रिपब्लिकनांचा पाठिंबा होता. २०१७मध्ये ट्रम्प यांनी क्षेपणास्त्रं डागली तेव्हा तो ८६ टक्के झाला. डेमोक्रॅट ३८वरून ३७वर आले, म्हणजे हललेच नाहीत. याउलट व्हिएतनामच्या वेळी दोन्ही पक्षांच्या मतदारांमधली दरी अगदी लहान होती, आणि इराकच्या वेळी ती काही काळ ६० टक्केबिंदूंच्याही वर गेली. तेव्हा किती फरक पडेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे: युद्ध कुणाच्या कारकिर्दीत सुरू झालं, विरोधी पक्षाचे पुढारी फुटले की एकत्र राहिले, आणि मुळात पक्ष हीच माणसाची ओळख कितपत झाली आहे. ऑक्टोबर २००२मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या ठरावाला ७७ विरुद्ध २३ मतं पडली. निम्म्याहून अधिक डेमोक्रॅट सिनेटरही बाजूने होते. तेव्हाचा डेमोक्रॅट मतदार कुणाच्या मागे जाणार होता?

खोटं बोलतात का, हा तुमचा उपप्रश्न. थोडंफार. जॉन बुलक आणि सहकाऱ्यांनी असं करून पाहिलं, की बरोबर उत्तराला थोडे पैसे द्यायचे. वस्तुस्थितीच्या प्रश्नांवरची पक्षीय दरी निम्म्याहून जास्त आटली. म्हणजे एरवी बरेच लोक फोनवर उत्तर देत नसतात, आपल्या गटाच्या नावाने घोषणा देत असतात. पण ‘माहीत नाही’ म्हटल्यालाही पैसे मिळतात असं केल्यावर ती दरी आणखी कमी झाली, आणि मला यातच खरी गंमत वाटते. आत कुठेतरी माणसाला ठाऊक असतं, की आपल्याला ठाऊक नाही. माझ्या त्या निवृत्त बाई पहिल्याच दमात तेच म्हणाल्या होत्या. दुसऱ्यांदा विचारून मीच त्यांना तिथून हलवलं.

आणखी एक दुरुस्ती, माझ्यावरची. काही वर्षं मी नव्या मुलाखतकारांना शिकवताना ठासून सांगायचे, की पुरावा दाखवला की माणूस उलट अधिकच घट्ट होतो. आधार होता ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफलर यांचा २०१०चा प्रयोग. त्यात अस्त्रं नव्हती ही दुरुस्ती वाचल्यावर पुराणमतवादी लोकांचा अस्त्रांवरचा विश्वास वाढला होता. पुढे थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ विषयांत हे तपासलं. असा उलटा परिणाम एकाच विषयात दिसला, तोही नेमका इराकच्या अस्त्रांच्या, आणि प्रश्न सोप्या शब्दांत विचारल्यावर तिथूनही नाहीसा झाला. मी माझ्या स्लाइड्स बदलल्या. पुरावा दाखवल्याने सहसा नुकसान होत नाही. मात्र माहिती सुधारली म्हणजे युद्धाविषयीचं मतही सुधारेल, अशी आशा धरू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून तुमच्या सहकाऱ्यांशी बोलताना मी असं करेन. अस्त्रं होती की नव्हती यावर सुरुवातच करणार नाही. आधी विचारेन, ‘समजा, ती नव्हती असं तुमच्या मनासारख्या पुराव्यानेच ठरलं, तर युद्धाबद्दल तुमचं मत बदलेल का?’ ‘नाही, सद्दामला हटवणं हेच योग्य होतं’ असं उत्तर आलं, तर अस्त्रांवर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांचं कारण वेगळं आहे, त्यावर बोला. ते कारण प्रामाणिकही असू शकतं. ‘हो, बदलेल’ असं आलं, तर पुढे विचारा, की कुणी सांगितलं तर पटेल. इथे डेव्हिड के यांचं नाव कामाला येतं. इराकमध्ये अस्त्रं शोधण्याच्या मोहिमेचे ते पहिले प्रमुख, स्वतः जाण्याआधी अस्त्रं असणार असं मानणारे. जानेवारी २००४मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं, की आपण जवळजवळ सगळेच चुकलो, मी धरून. हे विरोधकाच्या तोंडचं नाही.

यानेही काम होईलच असं मी म्हणत नाही. त्या ४९ जणांपुढे तर खुद्द बुश यांचे शब्द ठेवले होते. पण ‘मला नक्की माहीत नाही’ असं ते म्हणाले, तर तिथेच थांबा. मी त्या बाईंना विचारलं तसं दुसऱ्यांदा विचारू नका.